थोरलीच्या घरातली शांतता

चादरीची दोन टोकं थोरलीच्या हातात, दोन माझ्या. झटकून झाली होती, घडी राहिली होती. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ गाडीतून उतरला आणि चादर आमच्या मधे तशीच लोंबत राहिली.

"आईचं काय केलंस?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

थोरली माझी शेजारीण. आईवडिलांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. वडील गेल्यावर भावाने घर आपल्या नावावर करून घेतलं, रंगवलं आणि सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायला लागला. जुना बाजार बघायचा, शेतांच्या कुशीत निवांत लोळायचं, म्हणून शहरातली माणसं येतात. त्यांचा स्वयंपाक, झाडलोट, धुणं थोरलीकडे. त्या बदल्यात मागची खोली, तिला आणि आईला. आईला आता भान नाही. दिवसभर मोठ्याने हाका मारते, "पोरी, चल घरी!" घरातच बसून.

मागच्या पाहुण्यांनी तक्रार केली होती.

"गोळी देऊन झोपवत जा," भाऊ म्हणाला.

"डॉक्टर नको म्हणालेत."

"मग दिवसा कुठंतरी हलव. पुन्हा कुणी कुरकुरलं तर मागची खोलीही भाड्याने देईन. मग तुम्ही दोघी बघा तुमचं."

"अरे, तुझीपण आई ना ती?"

"म्हणून तर राहू दिलंय."

माझं घर भिंतीला भिंत लावून. आईला माझ्याकडे ठेवलं तरी आवाज तोच. शेवटी थोरलीनेच वाट काढली. नवे पाहुणे आल्यापासून ती पहिल्या बसने आईला बाजारात नेते, दगडी कमानीखालच्या बाकावर बसवते, मांडीवर डबा ठेवते, समोरच्या चांभाराला लक्ष ठेवायला सांगते आणि पाहुण्यांच्या चहाला परत हजर. संध्याकाळी जाऊन आणते.

आज टॉवेल द्यायला गेले, तर पाहुणे नुकतेच बाजार बघून आलेले. भाऊही अंगणात पाय पसरून बसला होता. पाहुणीबाई थोरलीला फोन दाखवत होत्या.

"अहो मावशी, बघा ना, किती गोड म्हातारी! कमानीखाली बसली होती. माझी बाहीच धरली. म्हणते, 'पोरी, आलीस? चल घरी.' सोडेचना!"

"मी म्हटलं, घेऊन टाक, दिवाणखान्यात शोभेल!" नवरा म्हणाला आणि दोघं खदखदून हसले.

"मग?" थोरलीने विचारलं.

"मग काय, बोटं सोडवावी लागली एकेक. रडायला लागली हो! तोच फोटो सगळ्यात छान आलाय."

फोन भावाच्या हातात गेला. त्याने फोटो मोठा करून पाहिला. देवाने त्याला असा चेहरा दिलाय की त्यावर काही उमटतच नाही.

"हो," तो म्हणाला, "बाजारात असले चेहरे बरेच दिसतात."

थोरली कपात चहा ओतत होती. धार हलली नाही.

"आम्ही अजून आठवडाभर राहू म्हणतोय," पाहुणीबाई म्हणाल्या. "इतकी शांतता कुठेच मिळाली नाही."

"राहा की! ताई आहेच करायला," भाऊ म्हणाला.

थोरलीने रिकामी किटली माझ्या हातात दिली, पायात चपला सरकवल्या.

"एवढे कप विसळून टाकशील? बस निघून जाईल. आईला आणायला बाजारात जाते."