माउंट बेकरचं बारसं

नवस बोलला की देव पावेल तेव्हा पावेल, किस्से मात्र आधी जमायला लागतात!

मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई, म्हणजे माई, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून सातासमुद्रापार, आमच्या घरी बॉथेलला आल्या. मी फोनवर सांगून बसले होते, "उत्तरेला बर्फाचा डोंगर आहे, माउंट बेकर. अगदी कैलास!" माई आल्या आणि डोंगर ढगात गेला. तीन आठवडे पत्ता नाही! शेवटी मी नवस बोलले, "माईंना दर्शन होईपर्यंत चहा सोडला."

हे म्हणाले, "त्यापेक्षा ऊन सोडायचंस. तसंही मिळत नाही!"

*

एकदा ग्रोसरीच्या पार्किंगमधून पांढरंशुभ्र शिखर दिसलं. माईंनी हात जोडले, मी घरी येऊन दोन कप चहा प्यायले. संध्याकाळी हे खिडकीशी गेले. "अगं, तुझा कैलास पूर्वेला सरकलाय!"

ढग होता! नवस पहिल्यापासून सुरू.

माई म्हणाल्या, "असू दे. नमस्कार पोचवेल तो पुढे."

*

आमच्या मंगळवारच्या स्तोत्रमंडळातल्या शुभाकाकूंनी पिकनिक काढली. त्यांची लेक रिया ड्राइव्ह करत होती. वाटेत तिनं इथल्या डोंगरांची नावं सांगितली. माउंट डिस्पेअर, माउंट टेरर, माउंट फ्युरी. निराशा, दहशत, संताप! शुभाकाकूंनी कानावर हात ठेवले. "चतुर्थीला असली नावं? गाडी वळव!"

"मम्मी, इट्स जस्ट अ नेम!"

"हो का? मग तुझं दुर्दशा ठेवायला हवं होतं!"

गाडी वळली.

*

बेकर हे नाव कुठून आलं, ते रियानंच माईंना सांगितलं. जहाजावरच्या बेकर नावाच्या एका साहेबाला हा डोंगर आधी दिसला, म्हणून कॅप्टननं डोंगराला त्याचं नाव दिलं.

"आणि इथल्या माणसांना दिसत नव्हता?"

"दिसायचा ना, आजी. ते कुलशान म्हणायचे, असं वाचलंय."

माई म्हणाल्या, "म्हणजे घरच्यांनी ठेवलेलं नाव टाकलं आणि वाटसरूनं ठेवलेलं लावलं. रुसेल नाही तर काय!"

*

मे उजाडला. माईंचं विमान रविवारी, आणि शनिवारीसुद्धा ढग! मला रडूच यायला लागलं. पुन्हा या वयात एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता.

माईच म्हणाल्या, "घुगऱ्या शिजव. त्याचं बारसं करू."

व्ह्यू पॉइंटवर आम्ही चौघी, समोर नुसती राखाडी भिंत. रेलिंगवर माझी शाल पाळण्यासारखी बांधली. शुभाकाकूंनी पाळणा म्हटला. तेवढ्यात टोपीवाला रेंजर आला. रियानं त्याला सांगितलं, "बेबी नेमिंग सेरेमनी." त्यानं शालीत डोकावून बघितलं. आत घुगऱ्यांचा डबा!

"आत्या कोण?" शुभाकाकूंनी विचारलं.

"मी," म्हणत माई पुढे झाल्या. रेलिंगवर वाकून त्या ढगात काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी खणखणीत "कुर्रर्र!" केलं. आम्ही रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत हलकेच धपाटे घातले. रेंजर घाबरून धावला. "लेडीज, प्लीज!"

आणि तो थबकला. ढग मधोमध फाटला होता. अख्खा डोंगर, उन्हात, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत!

माईंचे हात जोडलेले, डोळे वाहत होते. रेंजरनं टोपी काढून हळूच विचारलं, "काय नाव ठेवलंत?"

रियानं प्रश्न मराठीत सांगितला. माईंनी त्याच्या हातावर मूठभर घुगऱ्या ठेवल्या. "घरचंच! त्याला माहीत आहे की!"

तुमच्याकडेही एखादा डोंगर तोंड लपवून बसला असेल, तर एकदा घुगऱ्या घेऊन जाच. आत्या मात्र सोबत न्या!