माघारी फिर रे, व्यंकटी

देगलूरच्या त्या गल्लीत कुणाकडं मयत झाली की बायका आधी दाराकडं बघायच्या, चांगुणा आली का म्हणून. ती काही त्या कामासाठी बोलावलेली बाई नव्हती. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि उरलेला दिवस आपल्या घरात असायची. पण गळा तिला असा लाभला होता, की ती मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून हेल काढायला लागली म्हणजे बाहेर तिरडी बांधणारे बाप्येही हात थांबवून उभे राहायचे. ती नुसती रडायची नाही, सांगायची. गेलेल्याला काय आवडायचं, कुणाशी त्याचं वाकडं होतं, म्हैस विकली तेव्हा तो कसा जेवला नव्हता. ऐकता ऐकता बायकांना वाटायचं, आता हे माणूस उठून बसतंय.

व्यंकटी तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यानं तिनंच त्याला कडेवर वागवलेला. तो गवंडी होता, बायको वारलेली, एकुलती लेक लुंबिनी लातूरला दवाखान्यात नर्स. रोज दुपारी काम थांबवून तो बहिणीच्या दारात यायचा, रांजणातल्या पाण्यानं हातापायाचं सिमेंट धुवायचा आणि उंबऱ्याला टेकून बसायचा. “अक्का, वाढ,” एवढंच म्हणायचा. बोलण्यात त्याला फारसा रस नव्हता.

वैशाखातल्या एका दुपारी तो आला नाही. चांगुणानं त्याची भाकर तव्यावर टाकली होती आणि शेजारची सिंधु पळत आली. कामावर चक्कर आली म्हणून व्यंकटी घरी येऊन पडला होता, तो उठलाच नव्हता. चांगुणा तशीच पिठाच्या हातानं धावली.

लुंबिनीला लातूरहून निघायला उशीर झाला, मधेच गाडी बंद पडली आणि उन्हाळ्यात मयत फार वेळ ठेवता येईना. निदान बापाचं तोंड तरी दिसावं म्हणून भावकीतल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढून तिला पाठवला. त्यात चांगुणा होती. केस सुटलेले, हाताला वाळलेलं पीठ, आणि ती भावाच्या गालाला हात लावून हाका मारत होती, “माघारी फिर रे, व्यंकटी, भाकर करपली रे.” घरी तव्यावर टाकलेली भाकर खरंच करपून गेली होती, तेच तिच्या तोंडातून आलं. नंतर बुद्धवंदना झाली आणि लोक व्यंकटीला घेऊन गेले.

व्हिडिओ लुंबिनीकडून नात्यातल्या ग्रुपवर गेला आणि तिथून कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. पावसाळा लागायच्या सुमारास चांगुणा किराणा दुकानात उभी होती. मागं कुणाच्या तरी फोनमधून तिला स्वतःचा गळा ऐकू आला. ती वळली. फोनच्या पडद्यावर एक पोरगा परीक्षेत नापास झाल्याचं सोंग करत होता, गुणपत्रिका हातात धरून, आणि त्याच्या पाठीमागं तिचा आवाज होता. माघारी फिर रे, व्यंकटी. बघणारा दुकानदार हसत होता. तिला बघून तो ओशाळला आणि त्यानं फोन पालथा घातला.

पुढं तो आवाज सगळीकडं झाला. कुणाची मॅच हरली, कुणाची पोरगी रुसून गेली, कुणाची बस सुटली की तीच हाक. अहमदपूरच्या एका लग्नात डीजेवाल्यानं त्या हाकेखाली ताल घातला. चांगुणा त्या लग्नाला गेली होती. वरातीत पोरं हात वर करून नाचत होती, “व्यंकटी, व्यंकटी” असं एका सुरात ओरडत होती, आणि ती गटाराच्या कडेला पदर तोंडात धरून उभी होती. सीमेपलीकडं तेलंगणातही तो आवाज पोचला. तिकडं व्यंकटी नावाची माणसं घरोघर. भाषा कळत नसली तरी नाव कळत होतं. मदनूरहून बांगड्या घेऊन येणारी बाई सांगायची, आमच्याकडं लेकरं भात सांडला तरी तसंच रडून दाखवतात.

चांगुणाला राग आला नाही. तिला भीती वाटायला लागली.

कुणी वाटेला लागलं की मागून हाक मारायची नसते, असं तिची आई सांगायची. चांगुणा काही भुताखेतांना मानणारी नव्हती. घरात बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. अंगारा-धुपारा बापाच्या काळातच घराबाहेर गेलेला. तरी एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. आपण हाक मारली ती एकदा, दुःखाच्या भरात. आता हजारो लोक त्याला हाका मारून राहिलेत, रोज, गावोगाव, आणि सगळ्या आपल्याच आवाजात. तो आपला आवाज ओळखतो. जाईल कसा?

मग एका दुपारी तिला बाहेर रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा, हात चोळल्याचा. ती चुलीपाशी होती. बाहेर येऊन बघितलं तर ऊन आणि कोरडी फरशी. पण ओल्या सिमेंटचा वास येत होता, ताज्या गिलाव्याचा, आणि गल्लीत तर कुठंच बांधकाम चालू नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या फोनवर तिची हाक संपली आणि कुणीतरी हसलं.

त्यानंतर ते होतच राहिलं. आधी कुठंतरी फोनवर ती हाक वाजायची, मग रांजण. तिनं रांजण रिकामा करून पालथा घातला, तरी पाण्याचा आवाज यायचा. एकदा भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, आपण एक भाकर जास्तीची केलीय. ती तिनं गाईला घातली आणि कुणालाच बोलली नाही.

याच दिवसांत गल्लीतल्या शिवप्पा वाण्याची म्हातारी आई गेली. बायकांनी चांगुणाला वाट करून दिली. ती उशाशी बसली, तोंड उघडलं आणि तिला दिसलं, मागच्या पोरींनी फोन वर धरलेत. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, वाट बघणं होतं. चांगुणाचा आवाज आतच राहिला. ती उठून घरी आली. म्हातारीची मयत त्या दिवशी जवळजवळ मुकीच गेली.

दसरा झाल्यावर नांदेडहून मल्लिनाथ नावाचा तरुण तिचं घर विचारत आला. गमतीचे व्हिडिओ करणारं त्याचं चॅनल होतं आणि मराठवाड्यात लोक ते घराघरात बघायचे. बोलायला अदबशीर. मावशी, तुमचा आवाज सगळ्यांनी वापरला, तुम्हाला कुणी विचारलं नाही, आम्ही तुम्हालाच पडद्यावर आणतो, असं त्यानं समजावून सांगितलं. एक माणूस मेल्याचं नाटक करतो, बायको रडते, आणि शेवटी तो भाकरीच्या वासानं उठून बसतो, अशी गोष्ट होती. चांगुणानं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, तुझं किती लोक बघतात? त्यानं सांगितलेला आकडा तिला नीट कळला नाही, पण ज्यांनी ज्यांनी हाक मारली ते सगळे त्यात येतील, एवढं कळलं.

“येते मी,” ती म्हणाली. “पण शेवटाला माझ्या मनाचं बोलीन. ते कापायचं न्हाई.”

मल्लिनाथनं कबूल केलं.

नांदेडच्या बाहेर एका रिकाम्या बंगल्यात भर दुपारी शूटिंग होतं. मयताचं काम भुजंग नावाचा नट करत होता, हसरा, अंगानं भरलेला. चांगुणाला बघताच तो पाया पडला, “मावशी, तुमच्यामुळं माझ्या नुसत्या निजण्याला भाव आला,” म्हणाला. त्याला गादीवर निजवलं, वर पांढरं कापड टाकलं, गळ्यात हार. चांगुणा उशाशी बसली. आधी तिला रडू येईना. समोर कॅमेरा, बाजूला शॉटचा नंबर लिहिलेला फळा धरलेली पोरगी, खिडकीत चहाचे कप. मग तिची नजर कापडाखालच्या पावलांवर गेली आणि आतून काहीतरी सुटलं. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज बाहेर आला. माघारी फिर रे. खोलीतलं सगळं थांबलं. फळा धरलेली पोरगी मागं सरकून भिंतीला टेकली.

मग चांगुणानं हेल बदलला. त्याच सुरात ती म्हणाली, “जा रे व्यंकटी. वळू नको. भाकर गाईनं खाल्ली, चूल विझली, तू जा.” ते ती म्हणत राहिली, गळा बसेपर्यंत.

आता भुजंगनं उठून बसायचं होतं. तो उठला नाही. मल्लिनाथनं दोनदा नाव घेतलं, मग कापड ओढलं. भुजंग डोळे उघडे ठेवून पडला होता आणि गादीच्या अगदी कडेला सरकला होता, दुसऱ्याला जागा करून द्यावी तसा. त्याला धरून उठवावं लागलं. पाणी प्यायल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, “माझ्या बाजूला कुणीतरी येऊन निजलं होतं. गादी दबली. ओल्या सिमेंटचा वास येत होता त्याच्या अंगाला. मावशी जा म्हणाल्या तेव्हा ते उठून बसलं, पण गेलं न्हाई.”

सिमेंटचं चांगुणानं तिथं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. व्यंकटी काय काम करायचा हेही तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.  तिला गाडीनं देगलूरला सोडलं.

मल्लिनाथनं शब्द पाळला, व्हिडिओ पुरा टाकला. पण लोकांना शेवट नको होता. त्यांनी पुन्हा तेवढीच हाक कापून घेतली आणि ती पहिल्यापेक्षा जास्त चालली, कारण ती आता स्वच्छ ऐकू येत होती. ‘जा’ म्हटलेलं कुणी कुठं वाजवलं नाही. भुजंगनं ते काम सोडलं असं नंतर कानावर आलं.

घरात राहवेना म्हणून चांगुणा लातूरला लुंबिनीकडं गेली. तिनं भाचीला सगळं सांगितलं. लुंबिनीनं ऐकून घेतलं, मग आत्याचा हात धरून समजावलं, की मेंदूला दुःखाचा धक्का बसला की माणसाला वास येतात, आवाज येतात. दवाखान्यात ती रोज बघते. मेलेलं माणूस कुठं येतंय, तूच ना मला शिकवलंस, असंही म्हणाली. चांगुणाला ते पटलं. तिथं चार दिवस तिला बरी झोप लागली.

लुंबिनीची पोरगी मनू, नुकती बोलायला लागलेली. एका दुपारी लुंबिनी सुट्टीवर होती, दोघी भाजी निवडत होत्या, टीव्ही बंद, फोन आत चार्जिंगला. मनू दाराकडं तोंड करून फरशीवर बसली होती. तिनं अचानक हेल काढला. बोबडा, पण हेल तोच, चढ-उतार तोच. “माघाली फिल ले, व्यंकती.”

लुंबिनी हसली. शेजारच्या पोरांकडून शिकली, म्हणाली. मनूनं परत हाक मारली. मग थांबली, दाराच्या चौकटीकडं मान वर करून बघितलं, मोठ्या माणसाकडं बघतात तशी, आणि खुदकन हसली. आणि बसल्या जागेवरून बूड घसटत बाजूला सरकली, उंबऱ्यापाशी जागा मोकळी करून.

लुंबिनीच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली. वास तिलाही आला होता. तिनं आत्याकडं बघितलं.

चांगुणा उठली, मनूला उचलून लुंबिनीच्या मांडीवर दिलं आणि स्वतः उंबऱ्यासमोर बसली. तिनं हेल काढला नाही. रोज जेवताना बोलायची तशी बोलली.

“व्यंकटी, ऐक. मी तुला एकदाच हाक मारली. बाकी जे मारतात ते तुला वळखत न्हाईत. आवाज माझा हाय, पण मी न्हाई त्याच्यात. तू मला लहानपणापासून वळखतोस. मी हाक मारली तर नुसती हाक मारत न्हाई, समोर येऊन बसते. आता बसलेय. आता मी सांगून राहिले, तू जा. उद्यापासून कुणी का हाक मारंना, मान वळवू नको.”

ती तिथं बसून राहिली. वास कमी झाला, की नाकाला सवय झाली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. मनू लुंबिनीच्या मांडीवर झोपून गेली.

दिवाळीनंतर लोकांना नवं काहीतरी सापडलं. कुणी म्हातारा बकरीशी बोलतो, त्याचा आवाज सगळीकडं वाजू लागला आणि व्यंकटी मागं पडला. देगलूरला परतल्यावर चांगुणानं रांजण सरळ करून भरला. दुपारी ती अजून कान देऊन बसते. कधी काही ऐकू येत नाही. कधी येतं असं वाटतं, आणि ती उठून बघत नाही.

मयतीला ती आजही जाते. उशाशी न बसता भिंतीला टेकून बसते. नव्या सुनांना ती पूर्वी कशी रडायची हे फोनवर ऐकूनच माहीत आहे.

माघाच्या सुमाराला ती पुन्हा लातूरला गेली. सकाळी लुंबिनी खिडकीत बसून फोन बघत होती. चांगुणानं वाकून बघितलं तर तोच पहिला व्हिडिओ, आवाज बंद केलेला. लुंबिनी दचकली आणि तिनं फोन छातीशी धरला. पुसून टाकायचा प्रयत्न केला, पण हात होत नाही, म्हणाली. बापाला शेवटचं तिनं एवढंच बघितलेलं.

“पुसू नको,” चांगुणा म्हणाली. “मलाबी दाव.”

दोघी बाजूला बाजूला बसल्या. पडद्यावर चांगुणाचं तोंड उघडं होतं, पीठ लागलेले हात हलत होते आणि आवाज काहीच नव्हता. पहिल्यांदाच तिचं लक्ष स्वतःवरून हटून भावाच्या चेहऱ्यावर गेलं. कानामागं सिमेंटचा एक वाळका ठिपका राहून गेला होता. मयताला अंघोळ घालताना तो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.