पारड्यात उरलेली दारू

माझ्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं माझ्या बायकोला वाटतं. ती भुसावळला असते. संध्याकाळी फोनवर आमचं बोलणं होतं — मुलीचा अभ्यास, आईचे गुडघे, गळका नळ. हे मात्र तिच्या कानावर कधी गेलेलं नाही. तिच्याच कशाला, कुणाच्याच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता ते पोटात मावत नाही म्हणून.

मी टर्नर. दोह्यात आलो तो पाइपच्या वर्कशॉपमध्ये, लेथवर. तिथून मुऐदरला, दोह्याच्याच एका भागात, अबू राशिद यांच्याकडे लागलो. साठी उलटलेले कतारी गृहस्थ, शिकारीचे शौकीन. व्हिलाच्या मागे त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, परवाने रीतसर त्यांच्या नावावर. तिथं आम्ही दोघं त्यांच्या रायफलींची देखभाल करायचो आणि काडतुसं हातानं भरायचो. मी आणि इब्राहिमभाई.

इब्राहिमभाई दापोलीकडचे. माझ्या वडिलांच्या वयाचे. माझ्या आधी कितीतरी वर्षं ते तिथं होते आणि मला हे काम त्यांनीच शिकवलं. शुक्रवारी बाजारातून मासे आणायचे, स्वतः साफ करायचे, तळायचे, आणि काटे कमी असलेला तुकडा माझ्या ताटात टाकायचे — "तू घाटावरचा, तुला काटे काढायचं कुठलं जमतंय!" खानदेश म्हणजे घाट नव्हे, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. हसायचे नुसते.

काडतूस भरणं बघायला सोपं. पितळेची नळी — आम्ही तिला केस म्हणतो — तिच्या बुडाला टोपी बसवायची, चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी. काट्याच्या पारड्यात दारू तोलायची, बंदुकीची दारू, ती केसमध्ये ओतायची. मग प्रेसचा दांडा दाबून वर गोळी बसवायची. गोळी बसली की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. म्हणून भाईंचा दंडक होता — गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेड पाडून बघायचं. "बॅटरी मारलीस ना रे?" माणसं जेवलास का विचारतात, तसं ते विचारायचे.

आधी लहान गोष्ट सांगतो. म्हणजे तेव्हा मला ती लहान वाटली होती.

भाईंना मोतीबिंदू सुरू झाला होता. काट्यावरचे आकडे वाचताना मान तिरकी करायचे. अबू राशिदना ते कळू नये असं त्यांना वाटे. मला ते माहीत होतं. आणि एक दिवस कुणी विचारलेलं नसताना मी अबू राशिदना म्हणालो, "बाबा, भाई का आँख अब कमजोर है." काळजीच्या आवाजात म्हणालो. काळजी होती का? थोडी असेलही. पण मला वर्कशॉप हवं होतं. भाई गेले की ते माझ्या हातात येणार होतं. एवढं सरळ होतं ते.

त्याच हिवाळ्यात अबू राशिद आफ्रिकेला रानरेड्याच्या शिकारीला निघाले. गुडघे साथ देईनासे झाले होते, ही शेवटची खेप असं स्वतःच म्हणत होते. वडिलांची जुनी रायफल न्यायची आणि वडिलांनीच घेऊन ठेवलेल्या जुन्या सॉलिड गोळ्या वापरायच्या, असा त्यांचा हट्ट होता. सॉलिड म्हणजे अंगभर जाड कवचाची गोळी. लागल्यावर ती पसरत नाही, जाड हाडातून सरळ आत जाते. त्या गोळ्या काळवंडल्या होत्या. भाईंनी एकेक पुसली, मापली, ज्यांच्या कवचाला चीर होती त्या बाजूला काढल्या. नमुन्याची काडतुसं आधी रेंजवर उडवून पाहिली. नीट चालली. मग शिकारीची भरायला बसलो — निम्मी भाईंनी, निम्मी मी, एकाच टेबलावर.

दुपार होती. सामान न्यायला ड्रायव्हर येऊन दारात उभा होता आणि "यल्ला, यल्ला" करत होता. मी घाई केली. भाईंनी विचारलं, "बॅटरी मारलीस ना रे?" मी म्हणालो, "हो भाई."

मारली नव्हती.

पण खरं सांगायचं ते याच्याही पुढचं आहे. याला निष्काळजीपणा म्हणता येईल, आणि निष्काळजीपणा माणूस कसाबसा सहन करतो. माझ्या सगळ्या गोळ्या बसवून झाल्या. भाईंची काडतुसं आधीच पेटीत गेली होती, मी माझी त्यांच्यातच ठेवली. आणि टेबल आवरताना पाहिलं — माझ्या काट्याच्या पारड्यात दारू होती. एका काडतुसाची. तोललेली, तशीच.

म्हणजे माझी एक केस रिकामी गेली होती. पेटीतलं प्रत्येक काडतूस काट्यावर ठेवलं असतं तर रिकामं लगेच सापडलं असतं. ड्रायव्हरला थोडं थांबवायचं, एवढंच. मी काय केलं? भाईंकडे पाहिलं. ते पाठमोरे उभे राहून हात धूत होते. बोलावं, तर बॅटरी मारली नाही हे उघड होणार. आणि कमजोर डोळ्यांचे कोण, हे मी नुकतंच मालकाला सांगून आलो होतो! मी स्वतःला म्हटलं, एखाद वेळी जास्तीची तोलली गेली असेल. म्हटलं खरं, पण पटलं नव्हतं. तेव्हाही नाही. मी ती दारू डब्यात परत ओतली, पारडं पुसलं आणि पेटी ड्रायव्हरच्या हातात दिली.

तिकडे काय झालं ते अबू राशिद परत आल्यावर कळलं. रेडा जखमी झाला होता आणि झुडपात शिरला होता. माग काढणारा तिथलाच माणूस होता, मोझेस नावाचा. तो पुढे होता. रेडा उलटून आला. अबू राशिदनी चाप ओढला, तर नुसता टक् असा आवाज झाला. दारू नसल्यानं नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी रायफलीच्या नळीत जेमतेम सरकली आणि तिथंच रुतली. दुसरं काडतूस आत जाईना. दुसऱ्या शिकाऱ्यानं शेवटी रेडा पाडला, पण तोवर मोझेस शिंगाखाली आला होता. गाडीतून नेताना वाटेत गेला.

हे सांगताना अबू राशिद ओरडले नाहीत. मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, खाली बसले होते, समोरचा चहा निवत होता. त्यांनी हळूच विचारलं, "वो गोली कौन भरा?"

मी भाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहिलं. तुम्हाला वाटेल मी भाईंचं नाव घेतलं — नाही घेतलं. गरजच पडली नाही. कमजोर डोळ्यांचं मी आधीच पेरून ठेवलं होतं. अबू राशिदची नजर आपसूक भाईंकडे गेली, आणि भाई एवढंच म्हणाले, "मेरा ही होगा, बाबा. मेरे को अब दिखता नहीं."

त्यांनी मला वाचवण्यासाठी असं म्हटलं असतं, तर निदान त्यांना सत्य माहीत आहे एवढा तरी आधार मला असता. पण ते वाचवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी "हो भाई" म्हणालो होतो ना? मग चूक त्यांचीच असणार. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

अबू राशिदनी त्यांना मानानं घरी पाठवलं. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. भाई माझा हात सोडत नव्हते. "माझ्या घरी कुणाला काही सांगू नकोस," म्हणाले. "त्या मोझेसला मुलंबाळं असतील का रे?" आणि मी काय बोललो ऐका. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "विसरा आता भाई. वय झालं की होतं असं."

याला काय नाव द्याल तुम्ही?

पुढे सुट्टीत मी दापोलीला त्यांच्या घरी गेलो. सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. एसटीत मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवली. भाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता त्यांना लख्ख दिसत होतं. पण त्यांची बायको, हलिमाभाभी, दारातच मला म्हणाली, "हे आता कशाला हात लावीत नाहीत. गावातली मोटार बिघडली की पूर्वी यांनाच हाक यायची. आता म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाय. तिकडे काय झालंन, तुला ठाऊक आहे?" मी मान हलवली. नाही म्हणून. जेवायला बसलो. भाईंनी तळलेल्या सुरमईतला मधला तुकडा माझ्या ताटात सरकवला. वाक्यं जुळलेली होती, तोंडापर्यंत आली होती. मी जेवलो. संध्याकाळच्या गाडीनं परत फिरलो.

वर्कशॉप आता माझ्याकडे आहे. अबू राशिद शिकारीला जात नाहीत, त्यांची मुलं जातात. काडतुसं मी भरतो. प्रत्येक केसमध्ये बॅटरी मारतो. त्यानं काय होणार आहे?

गेल्या वर्षी भाई गेले. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. रडून आवाज बसला होता. म्हणाला, "काका, अब्बा शेवटी शेवटी कुणा मोझेसची माफी मागत होते. सारखं तेच. आम्हाला कुणालाच कळलं नाही. तुम्ही एवढी वर्षं बरोबर होतात — कोण हो तो?"

मी म्हणालो, "माहीत नाही रे बाबा."