बिजा नव्हता, रोहन होता

मी वनरक्षक होतो, एवढं सांगून मी आजवर थांबत आलो. त्यापुढचं कोणी विचारलं की विषय बदलायचा. मुलांनाही हे ठाऊक नाही.

पुसदकडच्या जंगलात पहिली नेमणूक झाली, तेव्हा सागाशिवाय मला एकही झाड ओळखता येत नव्हतं. मला शिकवलं ते जवळच्या तांड्यावरच्या एका शेतकऱ्याने. उन्हाळ्यात तो आमच्याकडे वणव्यावर नजर ठेवायला रोजंदारीवर असायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा, ते चिडवायला.

"मगरीच्या पाठीसारखी साल, तो येन. पांढरी, गुळगुळीत, तो धावडा. सालीवरून समजलं नाही त पान पाहाचं. पान नसलं त फुलाची वाट पाहाची. घाई कायले करता साहेब, झाड का पळून चाललं?"

नाल्याच्या वळणावर एक जुना बिजा होता. पिवळ्या फुलांनी भरलेला तो त्यानेच मला दाखवला. सालीला कुऱ्हाडीचं टोक लावलं की रक्तासारखा चीक यायचा. त्याच्या लाकडाची चिपळी, बोटाएवढी ढलपी, पाण्यात टाकून पेला उन्हात धरला, की पाण्यात निळी झळाळी दिसायची. "हा कोनाले सांगू नका," तो म्हणाला होता. मी सांगितलं नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडी तिथे नुसता बुंधा उरलेला दिसला. त्याच आठवड्यात दादाच्या घराला नवी चौकट बसली होती. तासलेली, जवसाचं तेल पाजून काळपट तांबूस केलेली. मला दुसरं काही सुचलंच नाही. ज्याने जपायला शिकवलं त्यानेच तोडला, आणि ती जागा तर आम्हा दोघांनाच माहीत होती. फसवलं गेल्याचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. त्याला काही न विचारता मी वर कळवलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मलाच विचारलं, लाकूड कशाचं? मी म्हणालो, बिजाचं.

तो चौकटीला टेकून उभा होता. "बांधावरचा रोहन आहे तो," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साल नाही, पान नाही, फूल नाही, अन् तुमी नाव सांगून राह्यले. हेच शिकवलं का मी तुमाले?"

माझ्या शब्दावर चौकट उपटून नेली; बांधावरचा बुंधा पाहायला कोणी गेलं नाही. तेव्हा तुटलेली एक चिपळी मी खिशात टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती पेल्यात टाकून अंगणात उन्हात धरली. पाणी जरासं तांबूस झालं. निळी झळाळी काही दिसली नाही. दुपारपर्यंत तीनदा पाहिलं. मग पाणी मोरीत ओतलं आणि गप्प बसलो. पंचनाम्यावर माझी सही होती. एव्हाना सगळे मला झाडांचा जाणकार म्हणत, आणि मीच चुकलो हे मला सांगवेना. बिजा कोणी तोडला, ते कधीच कळलं नाही. दादाचं काम मात्र सुटलं, आणि तांड्यावर लोक त्याला चोर म्हणू लागले. दाराला बरीच वर्षं ताडपत्री होती.

निवृत्तीनंतर एकदा गेलो. तो म्हातारा झाला होता. चहा पाजला, मग काठी टेकत मला बांधावर घेऊन गेला. जुन्या बुंध्याला फूट येऊन मांडीच्या जाडीचं खोड झालं होतं.

"वळखा."

मी साल पाहिली, कोवळं लाल पान पाहिलं. "रोहन."

"मंग वळखता येते तुमाले," तो म्हणाला.

घरून निघताना मी वाक्य पाठ करून आलो होतो. तोंडून मात्र निघालं, "येतो दादा, बस चुकन."

गेल्या हिवाळ्यात तो वारल्याचं कळलं. ते वाक्य अजून पाठ आहे. दादा, मी चिपळी पाण्यात टाकून पाह्यली होती. मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. माफ करजा.