जफर मास्टरचे वाकडे दात

यवतमाळात बँडवाले पुष्कळ, पण क्लॅरोनेट वाजवावं तर जफर मास्टरनं. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं. नवरीच्या पाठवणीला त्याच्या बँडची एक रीत असे: ढोल-ताशे थांबायचे आणि क्लॅरोनेट एकटंच वाजायचं. दगडाच्या काळजाचा मामाही तेव्हा खिशात रुमाल शोधायचा.

मग लोहाऱ्याच्या वळणावर त्याची दुचाकी घसरली आणि वरचे समोरचे दात गेले. काढघाल करायची कवळी आली. भाकरीला ती पुरली, वाद्याला पुरेना. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांनीच धरावं लागतं. राळेगावला जुने गिऱ्हाईक वामनराव यांच्या नातवाच्या लग्नात, ऐन वरातीत कवळी सुटली ती थेट नवरदेवाच्या घोडीपुढे. वऱ्हाडी पोट धरधरून हसले. वामनराव तेवढे हसले नाहीत. मास्टर, आता आराम करा, एवढंच म्हणाले. जफरला ते हसण्याहून जास्त लागलं.

तेव्हापासून पुतण्या मोईन कॅसिओचा कीबोर्ड घेऊन पुढे आणि मास्टर मागच्या रांगेत खुळखुळा हलवत. हाताला व्यायाम होतो, असं घरी येऊन वर सांगायचा. त्याच्या बायकोला, जुबैदाला, हे ऐकवेना. क्लॅरोनेटच्या पेटीवरची धूळ तिनंच पुसली आणि नवऱ्याला दंडाला धरून दातांच्या डॉक्टर सुरभीकडे नेलं.

हाडात स्क्रू बसवायचे, ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर पक्के दात, असं डॉक्टरांनी समजावलं. मटणसुद्धा खाल, म्हणाल्या.

"मटन राहू द्या मॅडम," जफर म्हणाला. "वाजवता येईन का, तेवढं सांगा."

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. करून पाहू, म्हणाल्या.

महिने सरले. पक्क्या दातांआधी नमुन्याचे बसवून पाहायचे होते. कसे हवेत म्हटल्यावर मास्टरला हौस सुटली. जन्मभर वाकडे दात मिरवले, आता सरळ पाहिजेत, एका ओळीत! तसे बसले. जुबैदा लाजलीसुद्धा. पण घरी येऊन क्लॅरोनेट तोंडाला लावलं, तर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखा आवाज. पुन्हा लावलं, पुन्हा मांजर. जफर खाटेवर बसून रडला.

जुबैदानं वाद्याचं काळं तोंड काढून उजेडात धरलं. त्यावर दोन खळगे होते, एक खोल, एक उथळ. जुन्या वाकड्या दातांनी वर्षानुवर्षं दाबून पाडलेले. सरळ दात त्यांत बसणार कसे?

सकाळी जफरनं तो तुकडा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "चूक माही हाय मॅडम. मले माहे वाकडेच दात द्या."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खळग्यांचं माप घेतलं, आणि पक्के दात आले ते एक जरा लांब, एक जरा आत.

उन्हाळ्यात वामनरावांच्या नातीचं, सलोनीचं लग्न निघालं. बँड जफरचाच ठरला, पण कॅसिओच्या भरवशावर. पाठवणीला ढोल थांबले आणि मागच्या रांगेतून मास्टर क्लॅरोनेट घेऊन पुढे आला. काही जणांना घोडी आठवली. ते आधीच हसायला लागले. वामनरावांचा चेहरा पडला.

जफरनं डोळे मिटले. दात खळग्यांत बसले. सूर उठला. सलोनी आईच्या गळ्यात पडली, नवरदेवानं मान खाली घातली, आणि मघाशी हसणारे खिसे चाचपू लागले. जफरला वाटलं, आपण परत आलो.

सूर थांबल्यावर वामनराव डोळे पुसत जवळ आले. "मास्टर, मी तुमाले आराम कराले काहून सांगतलं होतं हो?"

मास्टर सगळे वाकडे दात दाखवून हसला. नवरीची गाडी हलली तसा बँड पुन्हा सुरू झाला. मोईननं कॅसिओ बंद केला, खुळखुळा उचलला आणि चाचाच्या मागे जाऊन उभा राहिला.