नवरदेव दातिवऱ्याला, नवरी पाड्यावर

माझे फोटो चाळता चाळता नवऱ्यानं विचारलं, "यात माणसं कुठं गेली गं?" मला भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. डोंगर होते, ढग होते, धबधबे तर ढिगानं होते, पण माणूस दिसलाच तर पाठमोरा. अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलायचा म्हटलं की माझे हात जड होतात. शेवटी मेघनाला फोन लावला. ही माझी कॉलेजातली मैत्रीण बोईसरला भाड्याच्या खोलीत राहते आणि पालघरच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका वारली पाड्यावर शाळेत शिकवते. "होळी झाली की ये," ती म्हणाली. "मोह फुललेला असतो आणि लग्नंही असतात."

नाशिकहून त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड करत मनोरला उतरलात तर रस्ता देखणा आहे. जव्हारच्या आसपास वळणं मात्र अशी, की गाडी लागणाऱ्यांनी नाश्ता आवरता घ्यावा. मनोरहून पालघरकडे जाताना वाघोबाचा घाट लागतो. देवळापाशी मी नमस्काराला उतरले आणि माकडानं माझी केळी पळवली, तेव्हा तिथं काचा वर ठेवा. मुक्काम केळव्याला केला. शनिवार-रविवार टाळलात तर खोली जवळजवळ निम्म्या भावात मिळते आणि सुरमईची थाळी निवांत खाता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेघनाला घेऊन पाड्यावर पोचले. शेवटचा रस्ता कच्चा आहे, लहान गाडीला सांभाळून घ्यावं लागतं. मेघनानं मला जानीबाईंच्या स्वाधीन केलं आणि ती शाळेत गेली. जानीबाई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला फटकळ. मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. मी भीत भीत विचारलं, फोटो काढू का?

"काढ की. पण नुसती उभी नको राहू, टोपली धर."

झालं. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि तासाभरात माझी भीड कुठल्या कुठं गेली. भातखाचरांच्या बांधावरून येणाऱ्या बाया, कुडाच्या भिंतीवर शेणगेरूचा हात फिरवणाऱ्या पोरी, उन्हात अंग टाकून पडलेला कुत्रा, सगळे मिळाले. भिंत कशासाठी सारवताय, असं विचारल्यावर जानीबाईंनी सांगितलं की त्यांच्या संदीपचं लग्न आहे. संदीप बोईसरला कंपनीत कामाला. उद्या त्याची हळद, आणि त्याआधी या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढायचा.

"पण त्याच्या आधी आज माझंच लगीन हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. त्यांच्याकडे कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्नाचा खर्च झेपेल तेव्हा लग्न लावतात. जानीबाई आणि त्यांचे कारभारी लहानूदादा यांचं ते झेपणं पुढं पुढं ढकलत गेलं, मुलीला मुलं झाली तरी. एरवी त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते चौकापाशी. चौक काढायचा तो सवाशिणींनी, म्हणजे रीतसर लग्न लागलेल्या बायकांनी.

"सगळ्यांच्या लग्नात मी पीठ वाटून दिलं," जानीबाई म्हणाल्या. "काडी कदी हातात घेतली नाय. पोराच्या चौकाची पयली रेघ माझी पायजे."

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. अडचण एवढीच होती की नवरदेव जागेवर नव्हता. लहानूदादा दातिवऱ्याला एका मच्छीमार बोटीवर खलाशी. सकाळी येणार होते, आले नव्हते, फोन बंद. लग्न लावतात त्या धवलेरीबाई अंगणात पान खात बसल्या होत्या. त्यांना दिवस मावळायच्या आत लग्न उरकून दुसऱ्या पाड्यावर पोचायचं होतं. "नवरा नाय तर लगीन कोनाशी लावू, खांबाशी?" असं त्यांनी विचारलं, आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणजे माझ्या गाडीकडे.

पालघर, केळवे, एडवण आणि पुढं दातिवरे, दीडेक तासाचा रस्ता आहे. एडवणच्या पुढं वाड्यांमधली सावली इतकी सुंदर आहे की एरवी मी चार ठिकाणी थांबले असते. त्या दिवशी फक्त रस्ता विचारायला थांबले.

लहानूदादा किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. शेजारी बोटीच्या मालकीणबाई बोंबील वाळत घालत होत्या. मी कशासाठी आले ते सांगितलं तर त्यांच्या हातातले बोंबीलच खाली पडले.

"नवरदेव? आमचा लहानू? अरं मेल्या, सांगितलं नाय कदी!"

लहानूदादांनी मान वर केली नाही. "उद्या पोराच्या हळदीला येतोच हाय मी," ते पुटपुटले. "पन माझी हळद कशाला या वयात? नातवंडं हसतील."

"फोन बंद होता तुमचा," मी म्हटलं.

"चार्जिंग नाय."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. मालकीणबाई पोट धरून हसल्या. मला मात्र हसू येईना, कारण ऊन कलायला लागलं होतं. मी त्यांना पहिल्या रेघेचं सांगितलं, जसं जानीबाईंनी मला सांगितलं होतं, अगदी तसंच.

त्यांचे हात थांबले. "तुमाला बोलली ती?"

"सकाळीच."

"मला नाय बोलली कदी. मला वाटलं, तिला नव्या लुगड्याची हौस." ते उठले, समुद्रात हातपाय धुतले आणि गाडीत येऊन बसले. मालकीणबाईंनी आहेर म्हणून सुक्या बोंबलांची पिशवी आत टाकली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं सगळा वेळ काचा उघड्या ठेवून होतो.

पाड्यावर पोचलो तेव्हा डोंगरामागं ऊन उतरत होतं. पोरींनी लहानूदादांना गाडीतून ओढूनच काढलं. हळद लागली आणि नातवंडं खरंच हसली, फिदीफिदी, आणि मग आजोबाही हसायला लागले. धवलेरीबाई गात होत्या, जानीबाई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि मी गुडघ्यावर बसून फोटोमागून फोटो काढत होते. लग्न लागलं तशा त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट भिंतीपाशी गेल्या. कुणीतरी पिठाची वाटी धरली. बांबूची काडी बुडवून त्यांनी पहिली रेघ ओढली. रेघ मधेच वाकडी गेली.

"पुसू का, काकी?" एक पोरगी म्हणाली.

"हात तर लाव!" जानीबाई कडाडल्या. लहानूदादा मागं उभे राहून त्या रेघेकडे बघत होते. बाकीच्या सवाशिणींनी तिच्याच आधारानं चौकट पुरी केली.

घरी येऊन आठवडा झाला. गाडीला अजून बोंबलांचा वास आहे. जायचं असेल तर मार्चअखेर जा, कुणीतरी ओळखीचं घेऊन जा, आणि हातात टोपली दिली तर धरा. फोटो मी बोईसरला मेघनाकडे पाठवले आणि जानीबाई काय म्हणतात म्हणून फोनकडे डोळे लावून बसले. काल मेघनाच्या फोनवरून त्यांचा आवाज आला.

"फोटो आवडले का?" मी विचारलं.

"अजून बघितले नाय, बाय. वेळ कुठं हाय? पल्याडच्या पाड्यावर दोन लग्नं हायेत, दोन्हीकडं मला चौक काढाया बोलावलंय." आणि त्यांनी फोन ठेवूनही दिला.