दौलतरावांच्या बसचा हीटर

बदलापूरच्या बेलवलीत आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत दौलतराव डुंबरे यांची बस उभी असते. बस म्हातारी आहे, पण मालकासमोर तसं म्हणायची सोय नाही. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत मी ऑफिसर होतो आणि दौलतराव कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, म्हणजे माझी अर्धी नोकरी मी त्यांच्या पाठीमागच्या सीटवर डुलक्या घेत केली. ते मला अजून साहेब म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असते आणि ती मला मान्य आहे.

ही बस त्यांनी रिटायर झाल्यावर भाड्याने फिरवायला घेतली. सिमल्याकडच्या कुठल्याशा शाळेची होती, म्हणून तिच्यात हीटर. बदलापुरात हीटर! इथे माणूस घाम पुसायला एक रुमाल हातात ठेवतो आणि एक खिशात. बायका चढताना विचारायच्या, "दौलतभाऊ, शेगडी पेटवली का?" पुढे कधीतरी त्याचं बटण चालेनासं झालं. मेकॅनिकने दुरुस्त करू का विचारलं, तर दौलतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितं कुणाला थंडी वाजतीय?"

आता हे गृहस्थ कसे, तर तापट, देवभोळे आणि गाडीच्या बाबतीत नव्या सुनेपेक्षा हळवे. मूळचे ओतूरकडचे, म्हणून डॅशबोर्डवर खंडोबा. रोज सकाळी फूल, अक्षता आणि चिमूटभर भंडारा वाहिल्याशिवाय चावी फिरत नाही. चिमूटही ड्रायव्हरच्या हाताची, म्हणजे मूठच. आणि दरवर्षी श्रावणात गावच्या सप्त्याला बेलवलीतली सगळी ओतूरकर मंडळी याच बसने माळशेज घाट चढून जातात. दौलतरावांचं खरं वर्ष त्या दिवशी सुरू होतं, दिवाळी-पाडवा सगळं नंतर.

यंदा आषाढात मात्र घोटाळा झाला. वांगणीहून एका बारशाची मंडळी घेऊन ते परतत होते. पाऊस कोसळत होता, खिडक्या बंद, गाडी गच्च भरलेली. अर्ध्या वाटेत त्यांनी बस कडेला घेतली आणि पुढे नेईनात. समोरचं सगळं पांढरं झालं होतं. फडक्याने पुसलं, वर्तमानपत्राने पुसलं, ड्रायव्हर लोकांचा उपाय म्हणून काचेवर तंबाखू चोळून पाहिली. घटकाभर बरं दिसायचं, की पुन्हा तेच. मागून त्यांचा मुलगा विनीत आला, दारातून बाहेर डोकावला आणि म्हणाला, "आप्पा, रस्ता तर क्लिअर आहे! तुम्हाला दिसत नाहीये का?"

सगळ्या बससमोर म्हणाला. पाऊस ओसरेपर्यंत दौलतरावांनी बस तिथेच उभी ठेवली आणि मग बैलगाडीच्या चालीने घरी आणली.

विनीतला दोष देता येत नाही. त्याची चिमुरडी तेजल त्याच बसमध्ये आईच्या मांडीवर होती. घरी गेल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, "सप्त्याला मी दुसरा ड्रायव्हर बघतो. परत आलो की गाडी विकून टाकू. आप्पा, आता बस झालं."

दुसऱ्या दिवशी दौलतराव माझ्याकडे चहाला आले आणि चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसले. "साहेब, डोळं गेलं वाटतं माझं. काच पुसली तरी पांढरंच, अन् पोराला समदं दिसतंय," म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर नाही. डॉक्टरने एकदा तोंडाने सांगितलं की ते खरं होणार, अशी त्यांची समजूत. मी रागावलो, समजावलं, शेवटी हात टेकले.

मग एका सकाळी देवच पावला म्हणायचा. अंबरनाथच्या कंपनीत भिजलेल्या कामगारांची शिफ्ट सोडून ते रिकामी बस घेऊन परत निघाले होते. मी आणि त्यांच्या पत्नी रखमाबाई बाजारातून पिशव्या घेऊन त्याच बसमध्ये चढलो. रखमाबाई आयुष्यभर मागे बायकांत बसत आल्या. त्या दिवशी मागे छत गळत होतं, म्हणून त्या पहिल्यांदाच पुढे, नवऱ्याच्या शेजारी बसल्या. बस जरा पुढे गेली आणि त्या ओरडल्या.

"अवो, थांबवा की गाडी! मला तर म्होरचं काय बी दिसंना!"

दौलतरावांनी ब्रेक मारला. "तुला बी दिसत न्हाय?"

"न्हाय ना! काचंवर दूध सांडल्यागत झालंय नुसतं. कशी चालवताय तुमी?"

"खरंच दिसत न्हाय? शपथ?"

"तुमची शपथ!"

दौलतराव स्टेअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बायकोला दिसत नाही म्हणून इतका आनंद झालेला नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. त्याच भरात ते दुपारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे आले. लांबची नजर ठणठणीत निघाली. वाचायला चष्मा लागेल म्हणाले, तर हे म्हणतात, "वाचतोय कोण!"

मग काचेचं काय? बस अंबरनाथला दिनानाथकडे नेली. हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने आधी बटण दाबून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, ब्लोअर बंद आहे तुमचा."

"हीटरचा ना? त्यो कशाला पायजे आपल्याला?"

"अहो, थंडीसाठी नाही! तो गरम वारा काचेवर मारतो, त्याने काच सुकते. एवढी पब्लिक, ओले कपडे, खिडक्या बंद. सगळ्यांचा श्वास काचेवरच बसणार ना? मोटर गेलीय. उल्हासनगरला जा, पण चोवीस व्होल्टची बघा, कारची आणू नका."

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये दौलतरावांच्या ओळखीचा एक सिंधी शेठ जुन्या गाड्यांचे भाग विकतो. आम्ही हीटरची मोटर मागितली तशी त्याने गल्ल्यावरून मान वर केली. "क्या साईं, बदलापुर में बरफ गिरी क्या?" दुकानात जेवढे होते तेवढे हसले, दौलतरावही. पण शेठ धंद्याला पक्का. माळ्यावरून दोन मोटरी खाली आल्या, दिनानाथने चिठ्ठीवर लिहून दिलेली मापं जुळवून पाहिली आणि एक निवडली. बॅटरीला वायर टेकवताच ती सुरसुरली. दौलतराव कान देऊन ऐकत राहिले, मग म्हणाले, "आवाज बरा हाय. द्या."

दिनानाथने बॅटरीची वायर सोडली, डॅशबोर्डखाली आडवा झाला, पाइप काढला, स्क्रू काढले आणि जुनी मोटर बाहेर ओढली. तिच्या पंख्याची पाती दिसतच नव्हती. आत पिवळंधमक काहीतरी थापलेलं, त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे. त्याने वास घेतला.

"हळद आहे काका."

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. काचेपाशी जिथून वारा येतो ती फट, आणि फटीला लागूनच खंडोबा. रोजचा भंडारा, रोजच्या अक्षता, रोजचं फूल, सगळं त्या फटीतून खाली उतरून मोटरच्या पोटात गेलं होतं. पंखा अडकला आणि मोटर जळाली.

दौलतरावांचा चेहरा उतरला. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला आणि पंख्यातलं निर्माल्य बोटांनी कोरून कोरून त्यात भरलं. एक पाकळी जमिनीवर पडली, तीही उचलली. "उल्हास नदीत सोडतो," म्हणाले. देवाची त्यांनी हात जोडून क्षमा मागितली आणि मूर्ती उचलून बाजूच्या कोपऱ्यात बसवली, फटीपासून लांब.

नवी मोटर बसली. बटण दाबलं, तर वारा असा, की उदबत्तीचा धूरही हलू नये. दौलतराव माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत पुन्हा तो निवलेला चहा होता. दिनानाथ मात्र खालूनच ओरडला, "उलटी फिरतेय! दोन मिनिटं!" त्याने दोन वायरींची अदलाबदल केली. "आता दाबा!"

दाबलं, आणि पाइपात राहिलेला सगळा भंडारा एका झटक्यात वर उधळला. दौलतराव पिवळे, मी पिवळा, दिनानाथच्या मिशा पिवळ्या. मग दिनानाथ खोकत खोकत ओरडला, "येळकोट येळकोट!" आणि दौलतरावांनी घसा फोडून उत्तर दिलं, "जय मल्हार!" रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. बाहेर पाऊस होता; आमच्या श्वासांनी काचेवर धरलेली वाफ खालून वर विरत गेली आणि समोरच्या रसवंतीची पाटी दौलतरावांनी अक्षर न् अक्षर वाचून दाखवली, दोनदा.

विनीतला हे सगळं सांगितलं. तो हसला, पण लगेच हो म्हणाला नाही. "ठीक आहे. पण मी तुमच्या शेजारी बसणार. घाटात मी थांबा म्हटलं की थांबायचं आणि चावी मला द्यायची." दौलतरावांनी मान डोलावली.

सप्त्याच्या दिवशी बस भरली. मुरबाड गेलं, टोकावडे गेलं आणि माळशेजच्या पायथ्याला ढगांनी रस्ता गिळला. विनीत पुढच्या दांडीला धरून ताठ बसला होता, नजर रस्त्यावर कमी आणि बापावर जास्त. दौलतरावांनी बटण दाबलं. काच स्वच्छ राहिली. बाहेर धुकं होतं, पण कडेचा कठडा, पांढरा पट्टा, समोरच्या ट्रकचे दिवे, सगळं वेळेवर दिसत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दौलतराव अगदी सावकाश चढत होते, हॉर्न देत, प्रत्येक वळणाला मनाशी काहीतरी पुटपुटत. टेपवर अभंग लागला होता आणि मागे बायका त्यावर सूर धरत होत्या. मी त्यांच्या पाठीमागेच बसून जीव मुठीत धरला होता, हे कबूल.

बोगदा ओलांडला तेव्हा विनीतला काहीतरी विचारावं म्हणून मी पुढे वाकलो. त्याचे हात दांडीवरून सुटले होते. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं, आणि तो गाढ झोपला होता.

दौलतरावांनी एकदाच वळून पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "टेप जरा बारीक करा. पोरगं झोपलंय."